सत्तेला नाव कोण ठेवणार?

(शिरपामाळ, जव्हार येथे महिला मंडळांच्या व कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)



मला आज 'सत्ता आणि भाषा' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. विषय ऐकून काहीजणी दचकल्या असतील, की आता व्याकरणाचा तास होणार. घाबरू नका. मला दोनच प्रश्न विचारायचे आहेत. जुलूम करणाऱ्या सत्तेला आपण काय काय म्हणतो? आणि कोणत्या सत्तेचा जुलूम आपल्याला दिसतच नाही, कारण तिच्यासाठी आपल्या तोंडी शब्दच नाही?

'नाव ठेवणं' याचे मराठीत दोन अर्थ आहेत. मूल जन्मलं की आपण त्याचं नाव ठेवतो. कुणाचं वागणं पटलं नाही की त्याला नावं ठेवतो. माझं म्हणणं असं, की सत्तेच्या बाबतीत ही दोन्ही कामं एकच आहेत. ज्या जाचाला नाव नाही, त्याच्याविरुद्ध तक्रार करता येत नाही, मोर्चा काढता येत नाही, आणि शेजारणीला सांगताही येत नाही. म्हणून नाव कोण ठेवतं हा प्रश्न आपल्या चळवळीचा आहे.

आपण बसलो आहोत त्या जागेपासूनच सुरुवात करू. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम या माळावर पडला, जव्हारचे राजे विक्रमशहा त्यांना इथे भेटले आणि त्यांनी महाराजांना शिरपेच चढवला, म्हणून हा शिरपामाळ, असं सांगतात. ही गोष्ट जव्हारमधल्या शाळेतल्या मुलींनाही पाठ असते. पुढची गोष्ट तितकी सांगितली जात नाही. १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी स्वराज्याच्या वतीने हेच जव्हार जिंकून घेतलं आणि विक्रमशहांना राज्य सोडावं लागलं. शिरपेच आणि स्वारी यांत आठच वर्षांचं अंतर आहे. गावाच्या नावात मात्र शिरपेच राहिला. सत्तेच्या आठवणी अशाच राहतात. सन्मानाचे शब्द टिकतात, हार झालेल्यांचे शब्द विरून जातात.

आता विक्रमशहा या नावातला 'शहा' घ्या. महादेव कोळ्यांच्या मुकणे घराण्याने इथे सहा शतकं राज्य केलं. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. या घराण्यातल्या नेमशहाला १३४३ मध्ये दिल्लीच्या सुलतानाने राजा म्हणून मान्यता दिली आणि तेव्हापासून 'शहा' हा किताब चालत आला, असं संस्थानच्या इतिहासात सांगतात. त्या वेळी दिल्लीत सुलतान होता महंमद तुघलक. म्हणजे ज्याच्या नावावरून आपण आजही मनमानी कारभाराला 'तुघलकी' म्हणतो, त्याच्याच दरबारातून जव्हारला राजेपदाचा मान आला. एकच माणूस एकाच्या तोंडी शिवी होतो आणि दुसऱ्याच्या नावात किताब होतो. बोलणारा सत्तेच्या कोणत्या बाजूला उभा आहे, त्यावर हे ठरतं.

याच्याही आधीची एक कथा जुन्या गॅझेटियरमध्ये नोंदली आहे. त्या वेळी इथे वारल्यांचं राज्य होतं. एका कोळी सरदाराने वारली राजाकडे एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढी जमीन मागितली. राजाने ती भोळेपणाने दिली. मग त्या सरदाराने कातड्याच्या बारीक बारीक वाद्या कापल्या, त्या एकापुढे एक जोडल्या, आणि वेढा घातला तर मोठा मुलूख त्यात आला! अशीच कथा आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या कार्थेज शहराबद्दल आणि तिथल्या डिडो राणीबद्दल सांगतात. तेव्हा हे घडलं की नाही यावर वाद घालण्यात अर्थ नाही. कथेचा अर्थ मात्र इथल्या प्रत्येक बाईला कळतो. कागदावर शब्द एक असतो आणि त्याचा अर्थ ज्याच्या हातात सुरी असते तो ठरवतो. अंगठा उठवताना जे ऐकलं आणि नंतर जे वाचून दाखवलं गेलं, त्यांत किती फरक असतो हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता जुलमी सत्तेसाठी आपल्याकडे कोणते शब्द आहेत ते मोजू. मोगलाई. नादिरशाही, म्हणजे १७३९ मध्ये दिल्लीत कत्तल करवणाऱ्या नादिरशहाची राजवट. तुघलकी कारभार. निजामशाही. हिटलरशाही. बेबंदशाही, झोटिंगशाही, दडपशाही, हुकूमशाही. अरेरावी, दंडेली, मुजोरी, मग्रुरी, मनमानी. 'हम करे सो कायदा', 'बळी तो कान पिळी'. यादी चांगली लांबलचक आहे. मराठी माणसाला जुलमाला नावं ठेवता येत नाहीत असं कुणी म्हणू शकणार नाही.

पण ही यादी जरा निरखून पाहा. माणसांच्या नावावरून आलेले शब्द बहुतेक परक्यांचे आहेत, त्यातही मुसलमान राज्यकर्त्यांचे जास्त. जणू आपल्या मातीत जुलमी कुणी निपजलाच नाही! आपल्यातल्या माणसाचं नाव येतं तेव्हा त्यात थट्टा असते. 'स्वतःला मोठा बाजीराव समजतो' म्हणताना आपण हसतो. 'नादिरशाही' म्हणताना हसत नाही. उत्तर पेशवाईत गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू बांधून ज्यांना चालावं लागलं असं दलित समाज सांगत आला, त्यांच्या लेखी 'पेशवाई' हा शब्द कोणत्या यादीत जातो? ते त्यांनी स्वतः सांगितलं, तेव्हा कुठे बाकीच्यांना ऐकू आलं. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा शब्द पुस्तकाच्या कपाळावर लिहिला आणि ते पुस्तक गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं. ज्याला तोवर धर्म आणि रीत म्हणत होते, त्याला त्यांनी गुलामगिरी हे नाव दिलं. जवळच्या सत्तेला नाव ठेवणं ते हेच.

दूरची सत्ता शिवी देऊन दाखवता येते. जवळची सत्ता मात्र गोड शब्दांत लपलेली असते. आपल्या शेजारच्या डहाणू आणि तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यात वारल्यांना राबवणाऱ्या जमीनदाराला काय म्हणत? शेठ, सावकार. दोन्ही आदराचे शब्द. लग्नासाठी कर्ज काढलं म्हणून जो वारली तरुण जन्मभर जमीनदाराच्या दारात बांधला जाई, त्याला काय म्हणत? लग्नगडी! कानाला किती गोड लागतं. गडी या शब्दात सवंगडी आहे आणि लग्नात तर मंगल कार्य आहे. त्याच्याबरोबर त्याची नवी नवरीही मालकाच्या दारात राबायला जाई आणि तिच्या अंगावरही मालक हक्क सांगे. या सगळ्याला एकच सरळ शब्द होता, गुलाम. तो कुणी उच्चारत नव्हतं.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन झालं. तिथे या भागातले वारली गेले होते. पुढे शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्यात येऊन राहिले आणि वेठ व लग्नगडीची प्रथा बंद करण्याचा लढा उभा राहिला. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला आणि माणसं मेली. गोदावरीबाईंनी ते सारं 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० मध्ये आलेल्या पुस्तकात लिहिलं आहे. ते आपल्या प्रत्येक मंडळात असायला हवं. या लढ्यात पहिली लढाई शब्दाची होती, असं मला वाटतं. 'मी लग्नगडी आहे' म्हणणारा माणूस ज्या दिवशी 'मला वेठीला धरलं आहे' म्हणाला, त्या दिवशी तो उठून उभा राहिला.

आज वेठबिगारी कायद्याने बंद आहे. १९७६ पासून तो गुन्हा आहे. पण दिवाळीनंतर आपल्या पाड्यांवरून भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जोडपी जातात, ती आधी उचल घेऊन. उचल नवऱ्याच्या हातात पडते, फेडायला दोघं राबतात. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोला तर 'एक कोयता' म्हणतात. दोन माणसं आणि कोयता एक! त्यात बाई कुठे गेली? हिशोबातही नाही, शब्दातही नाही.

इथून मी घरात शिरते. घरातल्या पुरुषाला आपण काय म्हणतो? मालक. धनी. यजमान. पती या शब्दाचा अर्थही स्वामी असाच आहे. सेनापतीतला पती आणि घरातला पती एकच. कारखान्याच्या मालकाविरुद्ध घोषणा देणारी बाई घरी आल्यावर 'मालक जेवले का?' असं विचारते, आणि त्यात आपल्याला काही खटकत नाही. काही भागांत 'कारभारी' आणि 'कारभारीण' म्हणतात. त्या जोडीत निदान दोघांना कारभार तरी आहे, मालकी कुणाचीच नाही.

आता घरातल्या जुलमाचा शब्द पाहा. सासुरवास. किती बायकांनी किती पिढ्या हा शब्द वापरला असेल! पण या शब्दात दिसते ती सासू आणि सासर. नवरा दिसतच नाही. जाच सासू करते, नणंद करते, आणि तो बिचारा मध्ये सापडलेला, असं चित्र या शब्दाने आपल्या मनात पक्कं केलं आहे. एका बाईला दुसऱ्या बाईविरुद्ध उभं केलं की घराची सत्ता कुणाच्या नावावर आहे, सातबारा कुणाच्या नावावर आहे, हे कुणी विचारत नाही.

आणि बाईने मान वर केली तर? तिथे मात्र भाषा एकदम श्रीमंत होते. शिरजोर झाली. डोईजड झाली. डोक्यावर चढून बसली. नवऱ्याच्या डोक्यावर मिऱ्या वाटते. वरचढ, कजाग, तोंडाळ. आगाऊ. यातले किती शब्द डोक्याशी बांधलेले आहेत पाहा. फारसीत 'सर' म्हणजे डोकं. त्यावरून सरकार आलं, सरदार आला, सरपंच आला, आणि फारसीतला सरपेच आपल्याकडे शिरपेच झाला. सत्ता म्हणजे शिर. ज्यांच्या शिरावर शिरपेच आहे त्यांना आपण शिरजोर म्हणत नाही. शिरजोर म्हणतो ते मोलकरणीला, सुनेला, मुलीला, मजुराला. जिच्या डोक्यावर रोज पाण्याचे हंडे आणि लाकडाची मोळी असते, तिला म्हणतात डोईजड!

याहून भयंकर शब्द आपल्या भागात आहे, भुताळी. एकटी राहणारी, विधवा, जमिनीचा तुकडा नावावर असणारी, किंवा उलट बोलणारी बाई भुताळी ठरवायला एक आजारी मूल पुरतं. मग तिला मारणारे जुलमी ठरत नाहीत, तिच्यापासून गावाला वाचवणारे ठरतात. २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो वापरा. पण पाड्यावर हा शब्द पहिल्यांदा कुणी कुजबुजत उच्चारला, त्याच दिवशी आपण तिथे पोचलो पाहिजे. मार नंतर येतो, शब्द आधी.

कुणी विचारेल, बाई सत्तेवर बसली तर ती जुलूम करत नाही का? करते. २५ जून १९७५ ला देशात आणीबाणी लागली, ती एका बाईच्या सरकारने लावली. माणसं तुरुंगात गेली, वर्तमानपत्रांवर बंधनं आली, आणि त्या दडपशाहीला सरकारी प्रचारात 'अनुशासन पर्व' असं सोज्वळ नाव मिळालं. त्याच डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत मंत्र्यांच्या देखत त्याविरुद्ध बोलल्या, आणि पुढे तुरुंगात गेल्या. दुर्गाबाईंची टीका सत्तेवर होती. पण चावडीवर पुष्कळ पुरुष म्हणत, 'बाईच्या हाती कारभार दिला की असंच व्हायचं.' हिटलरबद्दल कुणी म्हणालं का, की पुरुषाच्या हाती कारभार दिला की असंच व्हायचं? तो हुकूमशहा झाला तेव्हा तो एकटा दोषी, आणि ती झाली की साऱ्या बायका दोषी! आपण मात्र दुर्गाबाईंसारखं वागावं. जुलूम बाईने केला तरी त्याला जुलूमच म्हणावं, आणि बाईपणाला त्यात ओढू देऊ नये.

आता शब्दामुळे काय काय होऊ शकतं, याची उदाहरणं देते. १९७२ मध्ये चंद्रपूरकडच्या देसाईगंज पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. नागपूरच्या उच्च न्यायालयाने पोलिसांना दोषी धरलं. भीतीने गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, असं त्या न्यायालयाने मानलं. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणून तिची संमती होती असं धरून त्यांना सोडलं. सगळा खटला 'संमती' या एका शब्दावर उलटला. सत्तेपुढे मान तुकवणं आणि मनापासून हो म्हणणं यांतला फरक देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयाला दिसला नाही. त्यावर चार कायदेतज्ज्ञांनी खुलं पत्र लिहिलं, १९८० मध्ये मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला, गावोगाव बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या बलात्कारात संबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि बाईने संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालयाने तिचं खरं धरून चालावं, असं ठरलं.

दुसरं उदाहरण आपल्या रानातलं. आपल्या आजीने आणि आईने कसलेल्या जंगल जमिनीबद्दल सरकारी कागदात एकच शब्द होता, अतिक्रमण. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींवर 'ऐतिहासिक अन्याय' झाला असं स्वतःच्या प्रस्तावनेत कबूल केलं. अतिक्रमणदार बाई दावेदार झाली. लग्न झालेल्यांचा हक्क नवरा-बायको दोघांच्या नावे नोंदवायचा, असंही त्यात आहे. जमीन तीच आहे आणि कसणारीही तीच, पण शब्द बदलला म्हणून कागदावर तिचं नाव आलं. तुमच्या पाड्यावरच्या दाखल्यांवर दोन्ही नावं आहेत का, हे घरी गेल्यावर तपासा.

आणि आपल्या लोकांनी घडवलेला एक नवा शब्दही आहे, सरपंचपती. राखीव जागेवर बायको निवडून आली आणि खुर्चीत हा बसला, की गावाने त्याला हे नाव ठेवलं. ते थट्टेत ठेवलं खरं, पण नेमकं ठेवलं. जवळच्या सत्तेला नाव ठेवता येतं, ते असं.

आता कामाचं बोलते. मध्यंतरी मी एका बाईबरोबर पोलीस ठाण्यात गेले होते. ती म्हणाली, 'तो मला माणसात धरत नाही. मजुरी आणली की काढून घेतो. माहेरी जाऊ देत नाही. मारतो ते वेगळंच.' कागदावर काय उमटलं? 'किरकोळ कारणावरून पतीने हाताने मारहाण केली.' अदखलपात्र. तिने चार गोष्टी सांगितल्या, त्यांतल्या तीन गळून पडल्या आणि चौथी किरकोळ झाली. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक असे चारही छळ आहेत. मजुरी काढून घेणं हा आर्थिक छळ आहे. 'माणसात धरत नाही' हेही त्या कायद्यात बसतं. कायद्याने नाव ठेवलं आहे, पण ठाण्यातल्या टेबलावर ते पोचत नाही.

म्हणून तीन गोष्टी सुचवते. पहिली, दखलपात्र गुन्ह्याची तोंडी फिर्याद लिहून घेतली की ती फिर्यादीला वाचून दाखवावी लागते आणि तिची प्रत फुकट द्यावी लागते. जुन्या कायद्यात हे होतं आणि १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यातही आहे. वाचून दाखवल्याशिवाय अंगठा उठवायचा नाही. 'किरकोळ' हा शब्द दिसला की तिथेच थांबायचं आणि म्हणायचं, हा शब्द माझा नाही. दुसरी, संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज देताना बाईचं वाक्य तिच्या बोलीत, जसंच्या तसं लिहायचं आणि त्याखाली कायद्यातला शब्द लिहायचा. तिसरी, प्रत्येक मंडळाने एक वही घालावी. बैठकीत बायका आपल्या जाचाला कोणकोणते शब्द वापरतात ते त्यात उतरवायचं, वारलीत, कोकणीत, ठाकरीत, जशी असेल तशी. आमच्यासारख्या शहरातून येणाऱ्या कार्यकर्त्यांचे 'पितृसत्ता' आणि 'दमन' हे शब्द उपयोगाचे आहेत, पण ते वापरून झाल्यावर तुमचा शब्द कोणता, हे आम्हाला कळलं पाहिजे.

याच वहीत चांगल्या सत्तेचे शब्दही लिहा. वारल्यांची लग्नं लावणारी धवलेरी बाई असते. तिच्या गाण्याशिवाय लग्न लागत नाही. तिचा तो अधिकार सारा पाडा मानतो. तिला कुणी शिरजोर म्हणत नाही, आणि तीही कुणाच्या डोक्यावर बसत नाही. बाईच्या अधिकाराला मानाचं नाव असू शकतं, हे आपल्याच मुलखात शिल्लक आहे.

१८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी सुरतेच्या एका विधवेच्या खटल्यावरून संतापून पुस्तक लिहिलं आणि त्याचं नाव ठेवलं 'स्त्रीपुरुष तुलना'. जे दोष बायकांचे म्हणून सांगता, ते पुरुषांत नाहीत का, एवढंच त्यांनी विचारलं. दोघांना एकच माप लावलं. आपणही तेच करायचं आहे. राजाला लावतो तो शब्द शेठला लावायचा, शेठला लावतो तो साहेबाला, आणि साहेबाला लावतो तो घरच्या मालकाला. माप बदलायचं नाही. पुढच्या मेळाव्याला येताना आपापली वही घेऊन या. आपण ती मोठ्याने वाचू.